पाच नमो मरिये

"'मंद आचेवर चार ते पाच मिनिटं सतत ढवळा,'" आशालताने कागदावरून वाचलं आणि चष्म्यावरून पास्कू मिस्त्रीकडे पाहिलं. "बरोबर आहे ना, काका?"

पास्कूचा हात थांबला नाही. समोर पंख्याची उघडी मोटर होती आणि तो तिला तांब्याच्या तारेचे वेढे देत होता. "एकशे एकेचाळीस, एकशे बेचाळीस... नाय."

"नाही म्हणजे?"

"लुर्दीनने तसं लिवलं नाय."

आशालताने दुकानातलं एकुलतं स्टूल ओढून घेतलं. चर्चच्या महिला मंडळाचं पुस्तक निघत होतं. ख्रिस्ती वर्षात कोणत्या सणाला, कोणत्या उपासाला पनवेलमधल्या घरांतून काय शिजतं, ते सगळं एकत्र. गेले चार महिने आशालता त्यासाठी घरोघरी फिरत होती, आणि सगळ्यांनी तिला हेच सांगितलं होतं की आधी पास्कूच्या बायकोची, लुर्दीनची वही बघ.

ती वही शाळेतल्या दोनशे पानी वहीसारखी होती. जानेवारीत सुरू होत नव्हती. चर्चचं वर्ष नोव्हेंबरच्या शेवटी, आगमनकाळापासून सुरू होतं, म्हणून वहीही तिथूनच. मग नाताळच्या करंज्या आणि गोड कलकल, उपासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारची पेज, ईस्टरचे तळलेले फुगे. गुड फ्रायडेच्या पानावर एवढंच होतं: 'काही नाही. पास्कूला कोरा चहा.' आठ सप्टेंबरला, मरियामातेच्या जन्मदिवसाला, नारळाची पांढरी वडी. पांढरी म्हणजे पांढरीच. जरा जास्त शिजली की लाल होते, कमी शिजली की थापता येत नाही. तिथे लुर्दीनने लिहिलं होतं: 'पाक झाल्यावर नारळ घालणे. पाच नमो मरिये. एक आमच्या बापा. लगेच ताटात.'

लुर्दीनच्या स्वयंपाकघरात घड्याळ नव्हतं, ती वेळ प्रार्थनांनी मोजायची. तिच्या आईच्या स्वयंपाकघरातही नव्हतं.

"काका, आजच्या मुली मोबाइल समोर ठेवून स्वयंपाक करतात," आशालता समजावणीच्या सुरात म्हणाली. "त्यांनी प्रार्थना कशा मोजायच्या? प्रत्येकीचा स्पीड वेगळा. कमिटीने ठरवलंय, सगळीकडे मिनिटं घालायची."

"मंग तिचं पान काढून टाका."

"असं काय करता!"

"नायतर हाय तसं छापा."

"पण तशी वडी होते तरी का? तिच्याशिवाय कुणी करून बघितलीय?" बोलून गेल्यावर आशालताने जीभ चावली.

पास्कूने तार खाली ठेवली. किती वेढे झाले ते तो विसरला होता, आणि असं त्याचं कधी होत नसे. "मी करतो. रविवारी चर्चमध्ये घेऊन येतो. वडी झाली तर तिचा शब्द न शब्द छापायचा."

"अहो, पण तुमच्याकडे अजून वर्ष झालं नाही. दुखवट्याच्या घरात गोड करतात का? लोक काय म्हणतील?"

"लोकांना म्हणावं, आधी खा. मंग बोला."

आशालता गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण कशाला हो म्हणून बसलो.

पास्कूचा देवाशी अबोला होता. राखेच्या बुधवारनंतर लुर्दीनला हॉस्पिटलात नेलं, ती अकरा दिवस तिथे होती. बाहेरच्या बाकावर बसून पास्कू रोज तीन वेळा जपमाळ करायचा. एका माळेत त्रेपन्न नमो मरिये. मोजणं हाच त्याचा धंदा, त्यामुळे आकडा त्याला पाठ होता: सतराशे एकोणपन्नास. बाराव्या दिवशी ती गेली. मोटरला एवढे वेढे दिले असते तर कसलीही जळालेली मोटर फिरली असती, असं तो दफनाच्या दिवशी मोठ्याने म्हणाला होता. त्यानंतर तो चर्चची पायरी चढला नव्हता. फादर घरी आले तेव्हा त्याने चहा दिला आणि सांगितलं, "फादर, तुमी कवापन या. पन त्याच्याशी माझं बोलनं बंद हाय."

आणि आता या वडीला सहा प्रार्थना लागत होत्या.

गुरुवारी दुपारी त्याने दुकान बंद ठेवलं. त्याचा हिशेब सरळ होता. एक नमो मरिये म्हणायला दहा सेकंद, म्हणजे पाचाचे पन्नास. आमच्या बापाचे वीस. म्हणायची गरजच काय? त्याने मोबाइलवर सत्तर सेकंद लावले, आणि शिटी वाजताच पातेलं उतरवलं.

कामोठ्याहून मुलगी आली होती, अलिना, डबा घेऊन. तिने ताटात डोकावलं. "पप्पा, ही वडी आहे की खीर?"

"गप ऱ्हा."

दुसऱ्या वेळी त्याने अंदाजाने बरंच ढवळलं. नारळ तांबूस झाला, मग लाल, मग पातेल्याला चिकटला. अलिनाने खिडक्या उघडल्या.

"मिनिटं लिहू दे ना त्यांना. काय फरक पडतो?"

"पडतो. ही तुझ्या आईची वही हाय. कमिटीची नाय."

"मग आईने लिहिलंय तसं करा. म्हणा ना प्रार्थना!"

पास्कू पातेलं घासत राहिला.

"सहा महिने झाले, पप्पा."

"सहा महिने आनि चार दिवस. म्हननार नाय म्हंजे नाय."

तेवढ्यात शेजारची सफूरा आत आली, नाकाला ओढणी लावून. लुर्दीनची आणि तिची तीस वर्षांची मैत्री. सणाच्या आदल्या दिवशी नारळ खवायला ती इथे असायची, आणि ईदच्या आदल्या दिवशी लुर्दीन तिच्याकडे. "पास्कूभाई, गल्लीत सगळे विचारतायत, मोटर जळली की माणूस?"

अलिनाने तिला सगळं सांगितलं. दहा सेकंदांचा हिशेब ऐकून सफूरा हसत सुटली.

"या अल्ला! दहा सेकंदात? भाभीला काय पनवेल-पेण गाडी पकडायची असायची?"

"मंग किती लागायचे?"

"मी काय घड्याळ लावून बसायची? पण ती आधी नाव घ्यायची. पहिली दुआ अलिनाची. नाव घेऊन थांबायची, पोरीचं सगळं सांगायची मरियामातेला, आपण शेजारणीला सांगतो तसं. परीक्षा, सासर, बाळंतपण. मग म्हणायची, सावकाश. दुसरी माझ्या मुलाची, झुबेरची, तो कतारला गेला तेव्हापासून. तिसरी तिच्या अम्मीची. चौथी ज्याच्याशी भांडण चालू असेल त्याची."

"भांडन असंल त्याची?"

"हो तर. एका साली ती चौथी माझी होती. नळावरून झालं होतं आमचं. माझ्यासमोर माझं नाव घेऊन म्हणाली, आणि डाव हलवता हलवता माझ्याकडे अशी बघत होती!" सफूराने डोळे वटारून दाखवले. मग तिचा आवाज खाली आला. "पाचवी तुमची. सगळ्यात लांब. हात दुखून यायचा तिचा. म्हणायची, सफूरा, हा माणूस एक दिवस माझी वडी लाल करवणार."

पास्कू घासलेलं पातेलं पुन्हा घासू लागला. अलिना तोंड धुवायला मोरीकडे गेली.

रविवारी सकाळी उजाडल्यावर त्याने नारळ फोडले. घरात तो एकटाच होता. अलिनाला त्याने येऊ नको असं बजावलं होतं. पाक झाला. नारळ पडला. त्याने डाव उजव्या हातात घेतला आणि गॅस बारीक केला.

रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने एक वाट काढली होती. नमो मरिये ही मरियामातेला, त्याच्या आईला म्हणायची प्रार्थना. भांडण तिच्याशी नव्हतंच. घरात एकाशी बोलणं तुटलं म्हणून माणूस त्याच्या आईशी बोलायचं सोडत नाही. आपला राग तिच्या कानावर घालतोच.

"वडीसाठी हाय," तो भिंतीवरच्या तसबिरीकडे बघून म्हणाला. "दुसरं काय समजू नको."

पहिली अलिनाची. तिच्याबद्दल काय सांगायचं ते त्याला पटकन सुचलं नाही. मग ती डबे आणते ते सांगितलं, डब्यातली भाजी अळणी असते तेही सांगितलं. दुसरी झुबेरची. तिसरी सासूची, जी त्याला कधी आवडली नव्हती, पण वही तशी होती. नारळाला चकाकी यायला लागली.

चौथीला तो अडखळला. सध्या त्याचं भांडण चालू होतं ते एकाशीच.

"ही तुझ्या पोराची," तो म्हणाला. "त्याला सांग, मी अजून रागात हाय. सतराशे एकोनपन्नास. त्याला आकडा सांग." आणि त्याने ती सावकाश, शेवटपर्यंत म्हटली.

पाचवी त्याची स्वतःची होती. स्वतःचं नाव घेऊन काय बोलायचं ते त्याला समजेना. म्हणून त्याने तिचं नाव घेतलं. मग बराच वेळ गेला. दंडात कळ उठली, खांद्यापर्यंत चढली, आणि तरी त्याने डाव डाव्या हातात घेतला नाही. मिश्रण पातेल्याच्या कडा सोडू लागलं होतं. मधे अजून ओलं होतं.

आता आमच्या बापा. ती मात्र थेट त्यालाच.

पास्कूने ओठ घट्ट मिटले. एवढी एक प्रार्थना म्हटली असं धरून नुसतं ढवळत राहता आलं असतं, कुणाला कळलंही नसतं. पण न म्हणता म्हटल्यासारखं करणं ही त्याला लबाडी वाटली. त्याने गॅस बंद केला आणि पातेलं ताटात उपडं केलं.

चर्चच्या आवारात मांडव होता. लांब टेबलावर बायकांनी आणलेली भांडी, मागे आशालता पुस्तकाची फाइल घेऊन उभी. पास्कू फाटकातून आत आला तेव्हा दोन-तीन जणींनी एकमेकींकडे पाहिलं. त्याने ताट मधोमध ठेवलं आणि फडकं काढलं. वडी दुधासारखी पांढरी होती.

आशालताने सुरी फिरवली. कडेचे तुकडे सुबक निघाले. मधे सुरी रुतली आणि माखून वर आली.

"काका," ती हळूच म्हणाली, "मधे बसली नाही हो."

"ठाव हाय."

"बघा, म्हणूनच आम्ही म्हणत होतो, मिनिटं..."

"एक आमच्या बापा कमी पडली," पास्कू म्हणाला. टेबलाजवळच्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "पाच नमो मरिये म्हटल्या. शेवटची मी म्हटली नाय. वहीत लिवलंय तेवढं सगळं केलं असतं तर बसली असती."

"का नाही म्हटली?"

"तो माझा आनि त्याचा मामला हाय. वहीची चूक नाय. माझी वडी कच्ची, तिचं लिवनं पक्कं. छापा."

कुणीतरी हसलं आणि गप्प झालं. आशालताने कडेचा तुकडा तोंडात टाकला. मग चमचा घेऊन मधलं चाखलं. पुन्हा कडेचं चाखलं. ती स्वतः पंचवीस वर्षं वड्या थापत आली होती. आणखी एका प्रार्थनेएवढीच आच हवी होती, ते जिभेला कळत होतं.

तिने फाइल उघडली आणि 'चार ते पाच मिनिटं' यावर रेघ मारली. वर लिहिलं: पाच नमो मरिये. एक आमच्या बापा.

"आनि नावं," पास्कू म्हणाला. "आधी नाव घ्यायचं, थांबायचं, मंग म्हनायची. चौथी ज्याच्याशी भांडन हाय त्याची. ते पन लिवा."

तिने तेही लिहिलं. मग कागद फिरवून त्याच्यासमोर धरला. पास्कूने ओळीवर बोट ठेवत सावकाश वाचलं. खाली आला आणि बोट थांबलं. तिथे टाइप केलेलं होतं: पाककृती – दिवंगत लुर्दीन.

"हे काढा."

"काका, तशी पद्धत आहे. गेलेल्या सगळ्यांच्या नावाआधी..."

"मेल्यावर कोन वड्या करतं का? तिने केल्या तवा ती जिती होती. नुसतं लुर्दीन लिवा."

आत पहिली घंटा झाली. बायका पदर सावरत पायऱ्यांकडे निघाल्या. आशालताने एकदा चर्चच्या दाराकडे पाहिलं, आणि पेनाचं टोक त्या शब्दावर टेकवलं.

"खाडाखोड नको," पास्कू म्हणाला. "नवा कागद घ्या."

तिने फाइलमधून कोरा कागद काढला, टेबलावरची दोन भांडी बाजूला सरकवली आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहायला घेतलं. आवार रिकामं झालं. कागद वाऱ्याने उडू नये म्हणून पास्कूने त्याचा एक कोपरा बोटाने दाबून धरला, आणि ती शेवटच्या ओळीपर्यंत येईतो तो तसाच उभा राहिला.