दोन दिवे, एक पंखा

आकडेमोड कधी खोटं बोलत नाही, असं अवधूत सर नांदेडच्या कॉलेजात दरवर्षी पहिल्याच तासाला सांगत. आज देगलूरकडच्या या गावात त्यांनी बॅटऱ्यांच्या खोलीचं दार उघडलं, आत नजर टाकली आणि हळूच लावून घेतलं. बॅटऱ्यांचा दोष नव्हता. गावापुरत्या सौरविजेचा हा प्रकल्प त्यांनीच आखला होता. स्वस्त आणि भरवशाचा म्हणून त्याला बक्षीसही मिळालं होतं. वीज मंडळाने जुनी तार काढून नेल्यापासून सगळं गाव त्यावरच चालत होतं. फक्त केवळाबाईची पिठाची गिरणी सुरू झाली की सगळं गाव बंद पडे.

शाळेच्या ओसरीवर बैठक भरली होती. एवढ्या शिकलेल्या माणसाच्या हिशेबातून एवढी धडधडणारी गिरणी सुटली कशी, असं सरपंच रामकिशनने अदबीनेच विचारलं.

सरांना उत्तर ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी ते वही घेऊन घरोघर फिरले होते. घरात विजेवर काय काय चालतं असं दारात येऊन विचारणारा माणूस गावाला एकाच प्रकारचा माहीत होता: वीजचोरी पकडणारा. सर तिसऱ्या घरी पोचेपर्यंत गावातले कूलर कडब्यात गेले होते. केवळाबाईने गिरणीवर गोधडी घातली, वर खंडोबाचा टाक मांडला, हळदकुंकू वाहिलं. भुवया झटकायच्या तेवढ्या राहून गेल्या. त्या पिठाने पांढऱ्याच होत्या. सरांनी गोधडी पाहिली, देव पाहिला, भुवया पाहिल्या. गिरणी हिशेबात धरली तर बॅटऱ्या दुप्पट लागणार होत्या आणि ‘स्वस्त’ हा शब्द अहवालातून जाणार होता. त्यांनी देवाला नमस्कार केला आणि इतर घरांसारखंच लिहिलं: दोन दिवे, एक पंखा.

आता खरं सांगून टाकावं म्हणून त्यांनी घसा खाकरला, तोच केवळाबाई बोलली.

“सरायचा काय कसूर न्हाई. म्याच झाकली व्हती.”

सर उठता उठता बसले. रामकिशनने ठराव लिहून घेतला. गिरणीला कुलूप लागलं. दळण यापुढे देगलूरला न्यायचं ठरलं. केवळाबाईने पोटाला काय करायचं, ते ठरावात नव्हतं.

चहाला ती त्यांना घरी घेऊन गेली. बशी खाली ठेवून सर म्हणाले,

“बाई, मला गिरणी दिसली होती.”

“हाव, ठावं हाय की. नमस्कार करताना गोधडी चाचपली तुमी.” तिने पुठ्ठा उचलला आणि त्यांना वारा घालू लागली. “तवाच म्हनलं, भला मानूस हाय. बघून सोडून दिलं. आजवर कुनी सोडलं न्हवतं. त्याची याद ठेवाया नगं?”

सरांच्या कानशिलांवरून घाम ओघळत होता. ती पुठ्ठा हलवत राहिली. तिची नजर चुकवायला म्हणून त्यांनी वर आढ्याकडे पाहिलं.

घरात पंखा नव्हता.