कपाटात कोंडलेला राऊटर

मित्रांनो, आधी मला नीट बघून घ्या. दोन अँटेनांपैकी एक मोडलेला, पाठीवर चिकटपट्टी, आणि रंग मूळचा पांढरा होता म्हणतात. मी एक जुना राऊटर आहे. पण माझी कीव करायला आला असाल, तर आल्या पावली परत जा. मला माझ्या आयुष्याचा अभिमान आहे.

कारखान्यातला जन्म मला फारसा आठवत नाही. मला समज आली ती लोअर परळच्या एका काचेच्या ऑफिसात. त्या जागी पूर्वी गिरणी होती. संपानंतर ती बंद पडली ती पडलीच. ऑफिसात मी बरीच वर्षं राबलो. मग नवा राऊटर आला आणि माझी रवानगी भंगाराच्या खोक्यात झाली. तिथेच नोकरी करणाऱ्या सुनेत्राने मला उचललं आणि लालबागच्या आपल्या चाळीत आणलं. तिचे लवू आजोबा त्याच गिरणीत मागावर होते.

चाळीत माझा थाट काय विचारता! तळमजल्यावर मंडळाच्या खोलीत मला उंच फळीवर बसवलं. बाहेरची तार माझ्यात यायची आणि माझ्यातून सगळ्या चाळीला इंटरनेट जायचं. पोरं अभ्यास करायची, बायका गावी व्हिडिओवर बोलायच्या. येता-जाता लोक माझ्याकडे कौतुकाने बघायचे. मी फुगलो. चाळ माझ्याच जिवावर चालते, असं मला वाटू लागलं.

मग गणपती आले. आरतीच्या वेळी लाऊडस्पीकरचा प्लग लावायला जागा मिळेना. मंडळाच्या धोंडूने इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ माझा प्लग उपटला. वर तिसऱ्या मजल्यावर लवू आजोबा डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलत होते. गिरणीतल्या कापसाच्या धुळीने त्यांची छाती पार गेलेली, जिना उतरायची सोय नव्हती. औषध सांगता सांगता डॉक्टर गायब झाले.

सुनेत्रा तरातरा खाली आली. "धोंडूकाका, राऊटर काढलात?"

"मग काय बाप्पाची आरती थांबवू? दोन मिनिटांचा तर प्रश्न, कायको टेन्शन लेती!"

ती धुसफुसत वर गेली, तर आजोबा हसत होते. "त्येका कित्याक बोलतंस? चूक तुझी गो. सगळी चाळ एकाच डब्याक कित्याक बांधलंस?"

मग त्यांनी तिला संपातली गोष्ट सांगितली. तेव्हा पुढाऱ्याला पोलीस कधी उचलतील याचा नेम नसे. म्हणून निरोप कुणा एकाकडे ठेवायचाच नाही, असं चाळीत ठरलं होतं. निरोप आला की बायका लाटण्याने शेजारची भिंत ठोकायच्या. शेजारीण गॅलरीत यायची, निरोप घ्यायची आणि पुढची भिंत ठोकायची. एखादी खोली बंद असली, तर निरोप वरच्या मजल्यावरून वळसा घेऊन पुढे जायचा. शेवंताआजीने ठोकून ठोकून भिंतीचा गिलावा पाडला होता म्हणे.

सुनेत्रा त्यानंतर घरोघर फिरली. माळ्यावर पडलेले जुने राऊटर तिने गोळा केले, त्यांच्यात नवा प्रोग्रॅम भरला आणि मजल्या-मजल्यावर लावले. आता प्रत्येकजण शेजाऱ्याशी बोलणार, एक बंद पडला तर दुसरा वाट देणार. चाळीतल्या चाळीत बोलायला बाहेरच्या तारेची गरजच नाही. माझं मोठेपण एका रात्रीत संपलं. खरं सांगतो, मला फार राग आला.

पुढे चाळ पाडून टॉवर बांधायचा घाट एका बिल्डरने घातला. चाळीच्या कमिटीचा सेक्रेटरी रघुवीर त्याच्या बाजूचा. खोली सोडून लांब कुठेतरी जायचं, पण परत कधी यायचं याबद्दल कुणी बोलेना. आजोबांना तर दम लागला की उचलून जवळच्या परळच्या हॉस्पिटलात न्यावं लागे. त्यात रघुवीरने नियम काढला, की सभेत जो बोलणार नाही त्याचा होकार धरायचा. जिना न उतरू शकणाऱ्या म्हाताऱ्यांनी ठरवलं, आपण फोनवरून बोलायचं.

सभेच्या दिवशी रघुवीर मंडळाच्या खोलीत सगळ्यांच्या आधी आला. त्याने मला तारेसकट उपटलं, पिशवीत कोंबलं आणि कपाटात कोंडून कुलूप लावलं. "आता बघू वरून कोण बोलतो ते," एवढं मी ऐकलं आणि माझे दिवे गेले.

पुढचं मला पहिल्या मजल्यावरच्या शांताबाईंच्या स्वयंपाकघरातल्या राऊटरने सांगितलं. सभा भरली. रघुवीर म्हणाला, "नेट गेलंय, इलाज नाही. वरच्यांचा होकार धरतो."

तेवढ्यात टेबलावरच्या सुनेत्राच्या फोनमधून, मजल्या-मजल्यावरच्या राऊटरांवरून वळसा घेत, लवू आजोबांचा आवाज घुमला, "धरू नको रे रघू! मी हंयसर जिवंत आसंय. संपात पोलिसांक भियालंय नाय, आता तुका भियतलंय काय? आधी बिल्डराचो कागद वाच!"

मागोमाग दुसऱ्या मजल्यावरून सोनूबाई बोलल्या, "माझापण नकार!" मग सखुबाई, मग आणखी कितीतरी. रघुवीरने धावत जाऊन कपाट उघडलं. मी तिथेच होतो, पिशवीत, गार पडलेला. लोक पोट धरून हसले. मग त्याला कागद वाचावा लागला. खोली परत कधी मिळणार हे त्यात कुठेच नव्हतं, आणि चाळ पाडायचा ठराव तिथल्या तिथे पडला.

मित्रांनो, उद्याचं इंटरनेट तुम्ही बांधणार आहात. आज जगभरातल्या लोकांचं बोलणं चार-दोन बड्या कंपन्यांच्या फळीवरून जातं, आणि त्या माझ्यासारख्याच फुगल्या आहेत. त्यांना भिऊ नका. जुना राऊटर भंगारात टाकू नका, पुसून घ्या आणि शेजाऱ्याशी जोडून द्या. प्लग कुणीही उपटो, तिसऱ्या मजल्यावरच्या आजारी माणसाचा आवाज सभेत पोचलाच पाहिजे.

आणि माझं विचाराल, तर माझ्या आयुष्यात मिरवण्यासारखा दिवस तो एकच. मी कपाटात मेल्यासारखा पडलो होतो, आणि माझ्यावाचून कुणाचंही अडलं नाही.