चर्चला होडीचे टेकू

रुपलच्या मामाने तिला परदेशातून एक वही आणली होती. तपकिरी पुठ्ठ्यावर जुन्या चर्चची भिंत उठावात उमटवलेली; टोकदार कमानी आणि मधोमध चाकासारखी गोल खिडकी. चित्र उतरवायला तिची मैत्रीण पुतळी ती एका दिवसासाठी झाईच्या कोळीवाड्यात घरी घेऊन गेली आणि पुतळीच्या आईने, पुष्पाने, न बघता वहीवर मासळीची ओली पाटी टेकवली.

"मामा शुक्रवारी येणार आहे," बोर्डीला माझ्या ओट्यावर रुपल म्हणाली. "त्याला काय बोंबलाचा वास देऊ?"

"शुक्रवारच्या आत तसलीच करून देते," पुतळी म्हणाली. "नाही दिली तर माझ्याशी बोलू नको."

"नाहीच बोलणार."

दोघी पहिलीपासून एका बाकावरच्या. भिजलेली वही ओट्यावरच टाकून रुपल मागे न बघता निघून गेली.

निवृत्त झाल्यापासून मी या ओट्यावर मुलांना वह्या बांधायला शिकवते. पुतळीला पुठ्ठा, कागद आणि खळ दिली. उठाव कसा आणायचा तेही सांगितलं: पुठ्ठ्यावर दोरा चिकटवायचा, त्यावर खळ लावलेला कागद पसरायचा आणि चमच्याच्या पाठीने दाबत जायचं. दोरा तिने घरून आणला, जाळ्याचा. गोल खिडकीच्या पाकळ्या तिने जाळं विणतात तशा गाठी मारून केल्या. मला ते सुचलं नसतं.

बुधवारी ती आली ती वाकलेला पुठ्ठा घेऊनच.

"कुठे सुकवलास?"

"बोंबलांच्या दोरीवर. ऊन चांगलं होतं."

"बोंबील वाकडा झाला तरी खपतो गं."

ती हसली नाही. "बाई, तुम्ही सरळ करून द्या ना."

"मग रुपलला माझी वही देणार का?"

तिने मान हलवली. नाही.

मी भिजलेली वही उघडली. आतल्या पानावर त्याच चर्चचं चित्र होतं. भिंतींना दोन्हीकडून, बाहेरच्या बाजूने, दगडी कमानींचा आधार दिलेला. "हे कशाला केलं असेल?" मी विचारलं. चिकू चिरून तिच्यापुढे ठेवला, तो तसाच राहिला.

"होडी किनाऱ्यावर ओढली की टेकू देतात, तसंच," चित्रावर बोट ठेवून ती म्हणाली. "एकाच बाजूला दिला तर होडी लवंडते." मग तिने तो पुठ्ठा उलटा केला. "मी कागद वरूनच लावला. वाळताना तो ओढतो. आतूनही लावायला पाहिजे, म्हणजे दोन्हीकडून सारखं ओढेल."

"मग लाव."

पुन्हा सगळं पहिल्यापासून. नवा पुठ्ठा, नव्या कमानी, नव्या गाठी, आणि या वेळी भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोऱ्याचे, होडीला देतात तसे टेकू. दोन्ही बाजूंनी कागद लावून तिने पुठ्ठा सावलीत दोन फळ्यांमध्ये ठेवला आणि वर माझा पाटा ठेवला. तीनदा विचारलं, "काढू?" तिन्ही वेळा मी नाही म्हटलं. गुरुवारी तिने पानं शिवली. बोटाला सुई टोचली तरी उठली नाही.

शुक्रवारी रुपल आली. वही तिने फरशीवर ठेवली, चारही कोपरे दाबून पाहिले. एकही उचलला गेला नाही. मग ती वाकून बघू लागली.

"चर्चला होडीचे टेकू?"

"पडायला नको म्हणून."

रुपलने वही नाकाशी धरली. "खळीचा वास येतोय."

"बोंबलाचा नाही ना?"

"थोडा." तिने वही दप्तरात ठेवली आणि पुतळीचा हात धरला. "चल घरी. मामाला तूच सांग कसला वास आहे ते."