उजवीकडचे दार

मित्रांनो, मी एक जुना लाकडी ठसा आहे. तळहातावर सहज मावेन एवढाच. माझ्या एका अंगावर घर कोरलेले आहे. उतरते छप्पर, एक खिडकी, एक दार. दुसऱ्या अंगाला धरायला मूठ आहे, ती आता खिळखिळी झाली आहे. सध्या माझा मुक्काम बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात असतो. सोबतीला एक बोथट कात्री आणि वाळून खडखडीत झालेला स्पंज आहे. कात्रीशी माझे मुळीच पटत नाही, ती दिवसभर कुरकुरते. म्हणून म्हटले, आपली हकिकत तुम्हालाच सांगावी. ऐकताना मागे वळून पाहावेसे वाटले, तर खुशाल पाहा. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

माझा जन्म एका दारातून झाला. त्या घरातले बाबा सुतार होते. घरात नवी फरशी बसली तेव्हा जमीन उंच झाली आणि दार खाली अडकू लागले. बाबांनी ते बिजागऱ्यांवरून उतरवले, खालून तीन बोटे पट्टी कापली आणि पुन्हा चढवले. ती पट्टी चुलीत जायची, पण थोरल्या मुलीने तिचा एक तुकडा पळवला. तो तुकडा म्हणजे मी. तेव्हा मी आणि ते दार एकाच झाडाचे, एकाच फळीचे, हे ध्यानात ठेवा. पुढे ते कामाला येणार आहे.

थोरलीला सगळे ताई म्हणत. ती चौदा वर्षांची होती. तिच्या पाठची धाकटी नऊ वर्षांची, तिला ताई 'शेंडेफळ' म्हणायची. दोघींना कागदाचे भारी वेड. सुट्टीच्या दिवशी जेवणाचे टेबल त्यांच्या ताब्यात असे. बाटलीची झाकणे, पानांच्या शिरा, काडेपेटीला गुंडाळलेली सुतळी, जे हाताला लागेल ते रंगात बुडवून कागदावर उठवायचे. एकदा बटाटा कापून त्याचा ठसा केला. दोन दिवसांनी तो कपाटात काळा पडून असा काही घमघमला की आईने दोघींना खिडक्या पुसायला लावले. तेव्हा ताई म्हणाली, "आता टिकेल असा ठसा करायचा. आपल्या घराचा."

तिने बाबांची पटाशी घेतली आणि तीन दुपारी मला कोरत बसली. तिसऱ्या दुपारी पटाशी निसटली आणि तिच्या उजव्या अंगठ्यात तिरकी घुसली. रक्त माझ्या अंगावर सांडले, नेमके खिडकीच्या खळग्यात. आई धावत आली, जखम बांधली, ताईचा फ्रॉक धुवायला घेतला. आई धुलाईच्या दुकानात डाग काढायचे काम करायची. चहा, तेल, शाई, गंज, कुठला डाग कशाने जातो हे तिला तोंडपाठ होते. फ्रॉकवरचे रक्त तिने घटकाभरात काढले. माझ्यातले मात्र निघाले नाही. लाकूड ते पिऊन बसले होते.

जखम भरली, पण अंगठ्यावर तिरका वण राहिला.

मग पहिली छाप उठवली आणि सगळे पोट धरून हसले. त्या घराचे दार खिडकीच्या डावीकडे होते. ताईने माझ्यावरही ते डावीकडेच कोरले होते. ठशाचे कागदावर सगळे उलटे उमटते, हे ती उत्साहाच्या भरात साफ विसरली. छापेत दार आले उजवीकडे.

"सुताराची पोर आणि दार कुठे बसवायचं ते कळेना," बाबा म्हणाले.

"असू द्या. हे आपल्या घराच्या पलीकडचं घर आहे," ताई म्हणाली.

पुढचे वर्ष माझे सोन्याचे गेले. जाड कागदावर मला उठवायचे, रिकाम्या रिफिलने घडीच्या रेघा दाबायच्या, कापून, दुमडून, डिंक लावून उभे घर करायचे. खिडकीच्या कट्ट्यावर अशी बावीस घरे उभी होती. ताई निळ्या रंगात ग्लिसरीनचे दोन थेंब टाकायची, म्हणजे तो लवकर वाळत नसे. प्रत्येक छापेनंतर ती आपला अंगठा रंगात टेकवून खिडकीत दाबायची. झाला चेहरा! वणाची तिरकी पांढरी रेघ त्यातून जायची. "हा माझा भांग," ती म्हणायची. तिच्यात खोट एकच होती. घरात येताना दार कधी लावून घ्यायची नाही. आत शिरायची ती थेट टेबलाकडे. मागून आईचा आवाज ठरलेला, "अगं, दार लावून घे. घर आहे की धर्मशाळा?"

मित्रांनो, त्या पावसाळ्याच्या अखेरीस ताई तापाने गेली. पाच दिवसांत गेली. हे सांगायला मला आजही जड जाते.

आईने बावीस घरे, रंग, कात्री, सगळे गोळा करून एका डब्यात भरले आणि डबा कपाटाच्या माथ्यावर ठेवला. मी तिथे सात महिने होतो. आई घर पुसत राहिली. दुकानात दिवसभर डाग काढायची आणि घरी येऊन भिंती पुसायची. ताईच्या हातांचे डाग दारावर होते, कपाटावर होते. ते सगळे निघाले. ते पाहणे तिला सोसवत नव्हते, एवढे साधे कारण होते. धाकटीने एकदा विचारले, "ताईचं आता काहीच उरलं नाही का गं?" आईने फडके पिळले.

धाकटीला ताईची काहीतरी खूण हवी होती. बस्स, तेवढेच. म्हणून एका दुपारी घरात कोणी नसताना तिने स्टुलावर चढून डबा काढला, मला निळ्या रंगात टेकवले आणि कागदावर दाबले.

आता नीट ऐका. खिडकी म्हणजे माझ्या अंगातला खळगा. तिथे रंग पोचत नाही आणि तो भाग कागदाला लागतही नाही. म्हणून खिडकी नेहमी कोरी उमटते. पण त्या दुपारी दाब पडताच खळग्यात आतून काहीतरी टेकले. बाहेरून दाबणारी धाकटी होती. आतून दाबणारे कोण होते, ते मला दिसले नाही. एवढे सांगतो, ते उबदार होते.

पहिल्या छापेत खिडकीत नुसता धब्बा आला. दुसऱ्या छापेत तो गोल झाला. तिसऱ्यात रेघा दिसल्या, बारीक, एकीत एक वळलेल्या. त्यांतून एक तिरकी पांढरी रेघ गेली होती.

धाकटीने आपले दोन्ही अंगठे पाहिले. ते स्वच्छ होते. त्यांवर वण तर नव्हताच. ती कागदावर वाकली. मग हळूच म्हणाली, "भांग."

संध्याकाळी तिने कागद आईपुढे धरला. आईने एका नजरेत पाहिले न पाहिलेसे केले.

"खळग्यात रंग साचलाय. ठसा धुवायचा असतो वापरून झाला की."

"आई, नीट बघ ना. भांग आहे."

"शाई आहे ती," आई म्हणाली.  तिने मला नळाखाली धरले, साबण लावला, ब्रशने घासले. टाचणीने खळगा कोरून काढला. मला झोंबले, पण मी आईवर रागावलो नाही. ती मला घासत नव्हती हे मला कळत होते.

दुसऱ्या दिवशी धाकटीने पुन्हा छाप उठवली. खिडकी कोरी होती. पण खिडकीच्या डावीकडे, जिथे नुसती भिंत आहे तिथे, अंगठ्याची एक फिकट खूण होती. पुढच्या छापेत दोन. त्या पुढच्यात ओळीने पाच, भिंतभर, वरखाली. अंधारात माणूस भिंत चाचपडत जातो, तशा. आणि प्रत्येक छापेत त्या अधिक फिकट होत होत्या.

आईने तेही कागद पाहिले. या वेळी ती चिडली नाही. खाली बसली आणि म्हणाली, "उद्या हा मी दुकानात नेते. तिथल्या औषधात बुडवला की सगळं निघेल. मला नाही गं बघवत हे."

ती रात्र धाकटीने कशी काढली, मला ठाऊक नाही. मी डब्यात होतो. पण सकाळी आई घाईत मला न्यायला विसरली. मला वाटते, मुद्दामच विसरली. बाबा कामावर गेले. धाकटीने आतून कडी घातली, टेबलापाशी बसली आणि माझ्याकडे टक लावून पाहू लागली. मग दाराकडे पाहिले. मग पुन्हा माझ्याकडे.

"ताई, तू दार शोधते आहेस," ती म्हणाली. "आपलं दार डावीकडे आहे म्हणून डावीकडे शोधते आहेस. पण तिथे ते उजवीकडे आहे. तूच चुकीचं कोरलंस."

तिने निळा रंग कालवला, ग्लिसरीनचे दोन नाही, चार थेंब टाकले. मला गुळगुळीत कागदावर दाबले. भिंतीवर एकच खूण आली, इतकी पुसट की मीही घाबरलो. छाप ओली असतानाच धाकटीने तिच्यावर जाड कागद ठेवला आणि चमच्याच्या पाठीने सगळीकडून घासला. ही युक्ती तिला ताईनेच शिकवली होती. ओल्या छापेवरून दुसरी छाप घेतली की उलट्याचे सुलट होते.

तिने कागद उचलला. घर सुलट झाले होते. दार डावीकडे आले होते, खऱ्या घरासारखे. खरे पाहता भिंतीवरची खूणही उलटून उजवीकडे जायला हवी होती. ती गेली नव्हती. घर उलटले, खूण होती तिथेच राहिली. फक्त आता तिथे भिंत नव्हती, दार होते. अंगठा दाराच्या कडीवर टेकला होता.

धाकटीने काम अर्धवट सोडले नाही. कटरने कागदातल्या दाराची वरची, खालची आणि एक उभी रेघ कापली. चौथ्या रेघेवर घडी घातली आणि दार उघडले.

"इकडून ये," ती म्हणाली.

मग उठली, खऱ्या दाराची कडी काढली आणि परत येऊन दाराकडे पाठ करून बसली. वळून पाहण्याचा धीर तिला झाला नाही. मी टेबलावर पालथा पडलो होतो, त्यामुळे मीही काही पाहिले नाही. पण मी त्या दाराचाच तुकडा आहे. दाराला जे होते, ते मला कळते.

आधी बाहेरून कोणीतरी दारावर हात ठेवला. मग दार ढकलले गेले. बिजागरी कुरकुरली. खोलीत गार हवा आली आणि ग्लिसरीनचा गोडसर वास आला. फरशीवर पावले वाजली नाहीत. मग दार मिटले आणि कडी सरकली. सावकाश, शेवटपर्यंत.

धाकटीच्या शेजारची खुर्ची किंचित वाजली. ती समोर पाहत बसून राहिली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. किती वेळ गेला, कोण जाणे. टेबलावरचा रंग वाळला तेव्हा खोली पुन्हा पूर्वीसारखी उबदार झाली होती.

संध्याकाळी आई आली. दार आतून बंद होते. तिने ठोठावले, धाकटीने उघडले. आई आत पाऊल टाकते तोच तिची नजर आतल्या कडीवर गेली. आयुष्यभर डागच पाहिलेली बाई ती, तिच्या नजरेतून काय सुटणार? कडीवर निळा अंगठा उमटला होता.

आईने सवयीने खांद्यावरचे फडके काढले. ओले केले. कडीजवळ नेले, आणि थांबली. तिने धाकटीचा निळा हात धरला, तिचा अंगठा उजेडात पाहिला. मग कडीवरची खूण पाहिली, नाक टेकेल इतक्या जवळून. ती तिरकी जखम तिनेच बांधली होती, तिनेच रोज उघडून पाहिली होती. तिला ती ओळखायला कोणी सांगायची गरज नव्हती.

आई दारापाशी खाली बसली. धाकटीला जवळ ओढले.  मग फडके बाजूला ठेवून म्हणाली,

"आज लावून घेतलं बघ तिनं दार."

मित्रांनो, या गोष्टीला पुष्कळ वर्षे झाली. त्या दाराला तीनदा रंग दिला, पण बाबांनी तेवढी कडी कधी रंगवू दिली नाही. गावभराचे डाग काढणाऱ्या आईने तो एक डाग तसाच ठेवला. माझी खिडकी तेव्हापासून कोरी उमटते. आत आता कोणी नाही, आणि खरे सांगायचे तर मला कधीकधी फार एकटे वाटते. धाकटी मोठी झाली, कामाला लागली. वर्षातून एखाद्या वेळी ती मला बाहेर काढते, फुंकर मारते, परत ठेवते. ते सुलट घर तिच्या टेबलावर उभे असते. त्याचे कागदी दार तिने आजवर मिटलेले नाही.

तुमच्याही घरी माझ्यासारखे ठसे असतील. काम झाले की त्यांना धुवा, मऊ ब्रशने धुवा, सावलीत वाळवा. टाचणी तेवढी लावू नका, फार दुखते. आणि एखाद्या छापेत तुम्ही न कोरलेले काही उमटले, तर ते घाण म्हणून पुसण्याआधी एकदा उजेडात धरून पाहा. कुणाचा अंगठा आहे, ते ओळखता येते का बघा. ओळखू आला, तर घाबरू नका. दार कोणत्या बाजूला आहे, एवढे त्याला सांगा.