मुकं कार्ड

“एसी बंद कर. आणि ते घड्याळही काढ भिंतीवरून,” कानसेन म्हणाले.

“घड्याळ, सर?” कॅमेरेवाली मुलगी हसली.

“टिकटिकतं.”

घड्याळ शेजारच्या खोलीत जाऊन उशीखाली झोपलं. दार लागलं, जाड पडदा ओढला गेला. मेजावरच्या उघड्या संगणकात पडद्यावरची चित्रं उमटवणारं नवं ग्राफिक्स कार्ड तापत होतं आणि स्क्रीनवर एका गेममधलं जळतं शहर पुन्हा पुन्हा कोसळत होतं. कार्डाला दमवायला कानसेन नेहमी हाच देखावा लावत.

संगणकाच्या सुट्या भागांची पारख करणारं ते एक मासिक होतं. हल्ली वाचणारे कमी आणि बघणारे जास्त झाल्यामुळे त्याचे व्हिडिओ निघू लागले होते. तानसेन नाही तर निदान कानसेन तरी व्हावं, असं म्हणतात. हे गृहस्थ कचेरीत खरोखरच कानसेन झाले होते. पंख्याची पाती एका केसाने वाकडी असली तरी त्यांना ऐकू यायची. त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशीच काय ते कुणाला आठवे.

आजच्या कार्डाची जाहिरात दोनच शब्दांत मावत होती: वेगवान आणि मुकं. कारखान्यातूनच वेग चढवून पाठवलेलं. त्या वेगाची धग निघून जावी म्हणून कंपनीने मूळचा पंखा काढून टाकला होता आणि स्वतःची व्यवस्था बसवली होती. तीन रुंद पंखे, तांब्याच्या नळ्या, आणि पत्र्याच्या पातळ पाकळ्यांची विटेसारखी जाड जुडी. सकाळभर मोजमापं झाली. वेग साध्या कार्डापेक्षा जास्त होता, पण खेळणाऱ्याच्या डोळ्यांना कळावा इतका नव्हता. धग मात्र मुठीत ठेवलेली होती. म्हणजे गिऱ्हाइकाने वरचे पैसे मोजायचे ते शांततेसाठी. आवाज मोजायचं यंत्र कपाटात होतं, पण आवाज किती एवढंच ते सांगे; कसा, ते सांगायला कान लागतो.

कानसेनांनी डोळे मिटले. पंख्यांची नुसती झुळूक. खरखर नाही, घरघर नाही.

“मुकं आहे,” ते समाधानाने म्हणाले. “पहिल्यांदाच कुणीतरी जाहिरातीत खरं बोललंय.”

डोळे उघडून पाहतात तो मुलीचा तळवा तिच्या कानावर.

“सर, मग ते चिरचिरतंय ते काय?”

“कुठे?”

“तिथेच की. डास कानाशी आल्यासारखं.”

“तुझ्या कॅमेऱ्याचा चार्जर असेल.”

तिने चार्जर काढला, कॅमेरा बंद केला. “अजून आहे.”

कानसेन पुढे सरकले. हा प्रकार काय असतो हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं! कार्डावर तांब्याच्या तारेची बारीक वेटोळी असतात. वीज जोरात खेळू लागली की ती थरथरतात आणि किणकिण रडतात. ते रडणं आजवर सगळ्यांच्या आधी त्यांनीच पकडलं होतं. त्यांनी कान इतका जवळ नेला की पंख्याच्या वाऱ्याने कानावरचे केस हलले. झुळूक. बाकी काही नाही.

त्यांनी गेमचं सुरुवातीचं पान उघडलं. इथे कार्डाला काम थोडं आणि मोकळीक फार. सेकंदाला शेकडो चित्रं बेलगाम धावतात आणि वेटोळ्यांत खोट असली तर ती इथे हमखास बोंब मारतात.

“आई गं!” मुलीने दोन्ही कान झाकले.

कानसेन उठले, बसले, पुन्हा उठले. वीज पुरवणारा डबा बदलला. मुलीने कान झाकलेलेच. इतक्यात संपादकबाई दार ढकलून आत आल्या, एका हातात फोन, दुसऱ्यात चहा.

“काय कानसेन, निकाल? संध्याकाळी व्हिडिओ टाकायचाय. मुकं की बोलकं?”

मुलीने कानसेनांकडे पाहिलं.

“जेवायच्या सुट्टीत घरच्या मशीनवर लावून बघतो,” ते म्हणाले.

“आता हे काय नवीन? कार्ड आहे का नवरीमुलगी, दहा घरी दाखवायला? तुम्ही एकदा ऐकलंत की संपलं.”

“एकदाच बघतो, मॅडम.”

घर जवळच होतं. कार्डाची पिशवी छातीशी धरून ते भराभर चालत निघाले आणि वाटेवरचा एकेक आवाज तपासू लागले. सायकलची घंटी, आली. ट्रकचा ब्रेक, आला. दुकानाचं शटर, पोरींचं खिदळणं, कुणाचा तरी खोकला. सगळं तर येत होतं! मग? कोपऱ्यावर ते थांबले, खिशातल्या किल्ल्या कानाशी धरून वाजवल्या. समोरून येणारा माणूस वळसा घालून गेला.

बायको आतल्या खोलीत धुतलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती. “आज जेवायला घरी? सूर्य कुठे उगवला?” तिने आतूनच विचारलं. लेक सासरी जाताना मागे ठेवून गेलेल्या संगणकात त्यांनी कार्ड बसवलं आणि तेच पान उघडलं.

“अहो, काय लावलंत ते? दात शिवशिवायला लागले माझे!”

कानसेनांचा हात माउसवर तसाच राहिला.

“तुला ऐकू येतं?”

“न यायला मी काय बहिरी...” तिने वाक्य अर्ध्यावरच सोडलं. मग चादरीची अर्धी घडी हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात पुढचं वाक्य बोलावं लागत नाही; पण कानसेनांनी ते मुद्दाम विचारलं.

“कधीपासून?”

“कपड्यांचं मशीन झालं की शिटी देतं ना, तिला तुम्ही उठेनासे झालात. आधी मला वाटलं आळस. मनातल्या मनात चांगली खरडपट्टी काढली तुमची. मग कळलं.”

“मग सांगायचं नाही?”

“गवयाला सांगतात का, गळा गेलाय म्हणून? म्हटलं, तुमचं तुम्हाला कळलं असेल. कळूनही बोलत नसाल.”

“मला नाही कळलं गं. जे ऐकूच येत नाही, ते येत नाही हे तरी कसं कळावं?”

ती जवळ आली. तिनेच माउस हलवून ते पान बंद केलं. तिच्या कपाळावरची आठी गेली. त्यावरून त्यांना समजलं की आवाज थांबला.

“मागच्या एका कार्डाबद्दल एका पोराने पत्र पाठवलं होतं,” ते म्हणाले. “कार्ड चिरचिरतंय, तुम्ही तर मुकं म्हणाला होतात. मी त्याला लिहिलं, बाळा, दोष कार्डाचा नाही, विजेचा डबा बदल.”

“मग बदलला त्यानं?”

“बदलला असेल. मी सांगितल्यावर न बदलून कुठे जातो.”

ते खोलीत येरझारा घालू लागले. “आताही मुकं म्हणून मोकळा झालो, तर ती पोरगी आपल्यालाच भास झाला असं समजेल. ब्र काढणार नाही. आणि खरं सांगितलं, तर उद्यापासून मला ठेवायचं कशाला? पेचकस फिरवायला कुणीही मिळतं.”

“बसा आधी.”

“बसवत नाही.”

“मग उभ्याने खा, पण खा. ज्याने कान दिले होते त्याने त्यातलं थोडं परत घेतलंय. सगळं कुठे नेलंय? आणि जीभ तर तुमची तुमच्यापाशीच आहे.”

त्यांनी उभ्यानेच दोन घास खाल्ले, कार्ड उपटलं आणि निघाले.

संपादकबाईंनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. फोन पालथा ठेवला. मग उठून केबिनचं दार लोटलं.

“हे बघा, ही गोष्ट इथेच राहू दे. व्हिडिओत म्हणा, आमच्या टीमला बारीक आवाज जाणवला. खोटं नाही ते. कुणाला जाणवला, कुणाला नाही, हे कोण विचारतंय? तुमचं नाव राहील, कार्डाचं खरं बाहेर येईल.”

किती सोपं होतं! कानसेनांना तर बाईंचे पाय धरावेसे वाटले.

चित्रीकरणाचे दिवे लागले; बाईही चहा घेऊन तिथेच उभ्या राहिल्या. त्यांनी कार्ड हातात धरून बोलायला सुरुवात केली. पंख्यांना नाव ठेवायला जागा नाही, धग ताब्यात, वेग सांगितल्याप्रमाणे. “मात्र हे कार्ड मुकं नाही. आमच्या टीमला...”

ते थांबले.

“मॅडम, पुन्हा घेऊ या.”

पुन्हा सुरू झालं. पुन्हा तिथेच अडलं. कॅमेऱ्यामागची मुलगी खाली बघू लागली. कानसेनांनी कार्ड मेजावर ठेवलं आणि मोकळ्या हातांनी बोलू लागले.

“पंख्यांचा आवाज मी स्वतः ऐकलाय. त्याच्याहून बारीक आवाज आता मला ऐकू येत नाही. वय झालं. गेल्या काही दिवसांत ज्या कार्डांना मी मुकं म्हणालो, त्यांच्याबद्दल कुणी तक्रार केली असेल तर त्याचं बरोबर होतं. माझं चुकलं. ती सगळी कार्डं आम्ही पुन्हा ऐकणार आहोत.”

मुलीने बाईंकडे पाहिलं.

“हे... कापायचं का?” मुलीने हळूच विचारलं.

“तू इकडे ये,” कानसेन म्हणाले.

“मी? सर, मी कॅमेऱ्यासमोर नाही हो...”

“अगं, ऐकायचंच आहे, गायचं नाहीये.”

त्यांनी भिंतीकडची खुर्ची ओढून आणली आणि आपली बाजूला सरकवली. मुलगी केस कानामागे सारत येऊन बसली. कॅमेऱ्यामागे कुणीच उरलं नव्हतं. चहाचा कप खाली ठेवून बाई स्वतः तिथे जाऊन उभ्या राहिल्या.

कानसेनांनी कार्ड पुन्हा जागेवर बसवलं, तार जोडली.

“वाजायला लागलं की बोट वर कर. थांबलं की खाली.”

त्यांनी गेमचं पहिलं पान उघडलं. पंखे फिरू लागले. मुलीचं बोट वर गेलं. त्यांनी चित्रांच्या वेगाला लगाम घातला. बोट हळूहळू उतरलं, अर्ध्यावर थबकलं, मग तिच्या मांडीवर टेकलं. त्यांनी लगाम सैल सोडला. बोट पुन्हा ताठ उभं.

“आता वाजतंय,” कानसेनांनी बघणाऱ्यांना सांगितलं. त्यांची नजर त्या बोटावरून हलली नव्हती.