एका चुलीचं फूल

२०२५ सालच्या वैशाखात, एका मंगळवारी सकाळी शकुनबाईने मोगऱ्याच्या पाटीवर ओलं फडकं टाकलं, पाटी शेजारच्या गोदाबाईकडे सरकवली आणि पायात चपला घातल्या.

"आजच्या दिवस माह्यं गिऱ्हाईक तूच पाय वं," ती म्हणाली. "अकोल्याले जाऊन येतो."

"कुंदनची चूल पायाले?" गोदाबाई हसली. "पाय बाई, नीट पाय. आपल्या दोघींची जागा आता त्याच चुलीवर हाये."

अमरावतीच्या त्या जुन्या फूलबाजारात मत माणसाला नव्हतं, चुलीला होतं. बाप आणि तीन मुलं एकत्र जेवत असतील तर चौघांचं मिळून एक मत. मुलगा लग्न करून वेगळा झाला की त्याची चूल वेगळी आणि मतही वेगळं. पण एका मताची दोन मतं व्हावीत म्हणून भाऊ-भाऊ खोटेच वेगळे होत. त्यावर जुन्या माणसांनी एक रीत घालून दिली होती. बाजारातल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईने त्या घरी जायचं, एक वेळ जेवायचं आणि दुसऱ्या दिवशी सभेत एवढंच सांगायचं, चूल आहे किंवा चूल नाही. तिच्या शब्दापुढे कुणी जात नसे. गेली बावीस वर्षं ती म्हातारी म्हणजे शकुनबाई. एकदा डोमाजीच्या धाकट्या भावाकडे ती जेवायला गेली, तेव्हा शेगडीवरची किमतीची चिठ्ठीसुद्धा अजून निघालेली नव्हती. पोटभर जेवून, वरणाची तारीफ करून ती परत आली आणि म्हणाली, "चूल नाई." डोमाजी तेव्हापासून तिच्याशी वाकड्यात बोलायचा.

कुंदन आणि मनोज अठरा वर्षं एका घरात राहत होते. वर्तमानपत्रात अशांना समलिंगी म्हणतात. बाजारात नुसतं 'ते दोघं' म्हणायचे आणि विषय बदलायचे. अमरावतीत दोन गड्यांना कुणी घर दिलं नाही म्हणून ते मनोजच्या गावी, अकोल्याला राहत. कुंदन लग्नाचे मांडव फुलांनी सजवायचा, मनोज गाडी आणि मजूर बघायचा. बाजारातला जवळजवळ निम्मा माल त्यांच्या गाडीतून जाई. पण लग्न नाही, म्हणून चूल नाही, आणि चूल नाही म्हणून मत नाही. बाजाराच्या हिशेबी कुंदन अजून दर्यापूरला बापाच्या चुलीवर जेवत होता. त्या घरी त्याला पंधरा वर्षांत कुणी पाणीही विचारलं नव्हतं.

माघातल्या सभेत त्याने उभं राहून मत मागितलं, तेव्हा डोमाजी म्हणाला होता, "दोन गड्यांची चूल? मंग फुकणी कोन फुकते बे?"

सभा हसली. कुंदनही थोडा हसला आणि खाली बसला.

पण मांडवामागे एक जग असतं. नवरीला सजवणारे, मेंदी काढणारे, हळदीचा नाच बसवणारे, स्टेज बांधणारे. अकोला, पातूर, दर्यापूर, सगळीकडे त्यांच्यातले कितीतरी जण कुंदनसारखेच. फुलं कुठून आणायची हे लग्नघरच्या बायका त्यांनाच विचारतात. त्यांनी कुठे मोर्चा काढला नाही, निवेदन दिलं नाही. ते नुसते नागपूरचं नाव सांगू लागले. फाल्गुनात तेरा दिवस झेंडूचे ढीग दुपारपर्यंत तसेच पडून राहिले आणि बाजारभर तो गोडसर, कुजका वास भरून राहिला. चौदाव्या दिवशी कुंदन स्वतः गाडी घेऊन आला, गाडी भरली आणि अध्यक्ष उत्तमरावांसमोर जाऊन उभा राहिला.

"मी त्याहीले सांगतलं, पुरे करा म्हनून," तो म्हणाला. "मले तुमचं तोंड बंद नाई करायचं, काका. मले माह्यं तोंड पायजे."

उत्तमरावांनी भरलेल्या गाडीकडे पाहिलं. मग म्हणाले, "शकुनबाई येईन जेवाले."

उत्तमरावांचंही त्यात गणित होतं. देवीच्या वाटेवरचा हा बाजार उठवून शहराबाहेर, बडनेऱ्याच्या रस्त्याला न्यायचा का, याचं मत वैशाखातच व्हायचं होतं. तीस चुली जाऊ म्हणत होत्या, तीस राहू म्हणत होत्या. उत्तमरावांना राहायचं होतं. शकुनबाईला तर राहायचंच होतं. देवळात जाणाऱ्या बायका वाकून तिच्या पाटीतला गजरा उचलत, त्यावर तिचं घर चाले. आणि कुंदनचा तिच्यावर जीव होता हे सगळ्या बाजाराला माहीत होतं. त्याच्या पहिल्या मांडवाचा मोगरा तिनेच दिला होता. तेव्हा एकसष्टावं मत कुठे पडणार, हे उत्तमरावांनी गृहीत धरलं होतं आणि बाजार हलवा म्हणणाऱ्या डोमाजीनेही.

बस मूर्तिजापूरच्या पुढे गेली तशी उन्हाने जमीन पाण्यासारखी दिसू लागली. काळ्या, रिकाम्या शेतांवर ते खोटं पाणी हलत होतं आणि त्यात बाभळी उलट्या उभ्या होत्या. शकुनबाईचे डोळे मिटत, उघडत. तिला वाटलं, त्या पाण्याकाठी एकामागे एक चुली मांडल्या आहेत, ती जिथे जिथे जेवली त्या सगळ्या. मातीच्या, स्टोव्हच्या, गॅसच्या. प्रत्येकीपुढे कुणीतरी पाठमोरं बसलं आहे. शेवटची तिची स्वतःची, नव्या नवरीपणीची, आणि तिच्यापुढे मात्र कुणीच नाही, नुसता धूर सरळ वर चालला आहे. खिडकीची कांब गालाला भाजली तेव्हा ती जागी झाली. बोरगाव मागे पडलं होतं.

घर लहान होतं, दारात पाण्याचा रांजण, आत वाळ्याच्या कूलरचा ओला वास. कुंदन तिच्या पाया पडला. मनोज स्वयंपाकघरातूनच ओरडला, "मावशी, हात पिठाचे हायेत, मागून पडतो पाया!"

पाटोड्यांचा रस्सा होता, भाकर होती, आंब्याचा रस होता. शकुनबाई पाटावर बसली. चूल पाहायला गेली की ती चुलीकडे कधी बघत नसे. तिची खूण वेगळी होती आणि ती तिने कुणाला सांगितलेली नव्हती. जेवताना ती मीठ मागे. ज्याचं घर असेल त्याचा हात न बघता मिठाकडे जातो. उसन्या घरातला माणूस शोधत बसतो.

"कुंदन, बाबू, जरा मीठ देजो."

कुंदन उठला. त्याने एक डबा उघडला, त्यात साखर. दुसरा उघडला, त्यात रवा. तिसऱ्याचं झाकण त्याच्या हातून खाली पडून गोल गोल फिरत राहिलं. शकुनबाईचा घास हातातच थांबला.

"मनोज, मीठ कुठं ठेवलं बे?"

"अठरा वर्सापासून जिथं हाये, तिथंच ठेवलं!" भाकर उलटत मनोज म्हणाला. "काय सांगू मावशी तुमाले. हा मानूस डोळे मिटून अख्खा मांडव उभा करते, अन् घरात याले मिठाचा डबा सापडत नाई."

"जागा बदलून ठेवते हा," कुंदन तक्रारीच्या सुरात शकुनबाईला म्हणाला.

"कधी बदलली? सांग न मावशीले, कधी बदलली?"

आणि तव्यावरची नजर न काढता मनोजने हात मागे नेला, फळीवरची बरणी उचलली आणि तिच्या ताटाशी ठेवली.

शकुनबाईने मान खाली घातली आणि रश्शात मीठ कालवू लागली. रस्सा अळणी नव्हताच. तिचा नवरा मरेपर्यंत असाच विचारत होता, काडीपेटी कुठं हाये, टॉवेल कुठं हाये, चष्मा कुठं हाये.

रसाची दुसरी वाटी वाढताना मनोज समोर बसला. हात पुसून घेतले.

"मावशी, एक सांगून ठेवतो. तुमी उद्या काय सांगसान ते तुमच्यापाशी. पन आमाले मत भेटलं तं ते नव्या जागेले जाईन."

"तिले जेवू तं दे," कुंदन म्हणाला.

"जेवूनच रायली ते. मावशी, इथं गल्लीत गाडी येत नाई, हातगाड्यावर माल काढता काढता गलांड्याचं फूल मरून जाते. तिथं थंड खोली हाये."

"अन् मी?" शकुनबाई म्हणाली. "देवळात चाललेली बाई एका गजऱ्यासाठी बडनेऱ्याच्या रस्त्यापर्यंत येईन काय?"

मनोजने रसाची वाटी तिच्यापुढे सरकवली. मग म्हणाला, "नाई येनार."

कुंदन ताटातल्या भाकरीचे तुकडे करत होता, खात नव्हता.

जेवण झाल्यावर ती कूलरसमोर आडवी झाली. वाळ्याच्या वासात दुपार पातळ होत गेली. भिंतीपलीकडून दोघांचे आवाज येत होते, विहिरीतून यावेत तसे.

"आता ते चूल नाई म्हनीन. काय गरज होती सांगाची?"

"मंग काय खोटं वाढू तिच्या ताटात?"

"तुले फक्त आपलंच मत दिसते."

"तुह्यं वेगळं हाये काय?"

एक भांडं आदळल्याचा आवाज आला.

"नाई," कुंदन म्हणाला. "माह्यंबी तेच हाये. पन मले तिच्या तोंडावर सांगता नसतं आलं."

संध्याकाळी कुंदनने तिला स्टँडवर सोडलं, खिडकीतून पाण्याची बाटली दिली. त्याला काही बोलायचं होतं.

"मावशी, तू..."

"चूल पायनाऱ्या बाईशी बोलू नाई," ती म्हणाली आणि पदर सावरून बसली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता बाजाराच्या पत्र्याच्या शेडमध्ये सभा भरली. शेडच्या टोकाला कुंदन आणि मनोज उभे होते. बसायला त्यांना अजून जागा नव्हती.

"बोल शकुनबाई," उत्तमराव म्हणाले.

तिने मंडळीकडे पाहिलं. समोरच तिची पाटी होती, गोदाबाईच्या पाटीला चिकटलेली. तिथून देवळाचा कळस दिसत होता.

"चूल हाये," ती म्हणाली.

"अशी कशी हाये?" डोमाजी उठला. "त्यात बायको कोन? ते सांग पयले!"

दोघे-तिघे हसले.

"डोमाजी, तुह्या घरी मिठाचा डबा कुठं रायते?"

"मले काय माईत? घरच्या बाईले माईत."

"मंग तू काय त्या घरचा नाई?"

शेड हसली.

"तिथंबी तसंच हाये," शकुनबाई म्हणाली. "एकाले माईत हाये, एकाले नाई. भांडतेतबी तसेच. बस आता खाली."

उत्तमरावांनी वहीत चूल लिहून घेतली. नाव कुणाचं घालायचं यावर थोडी कुजबुज झाली. मग त्यांनी दोन्ही नावं एका ओळीत बसवली, दुसरं थोडं बारीक अक्षरात.

मत फुलांनी होत असे. प्रत्येक चुलीला दोन फुलं देत, मोगऱ्याचं आणि गलांड्याचं. राहायचं तर मोगरा, जायचं तर गलांडा. फडक्याखाली हात घालून एक फूल टोपलीत सोडायचं, उरलेलं फडक्याखालच्याच बादलीत बुडवायचं. दोन्ही फुलं मुठीत असत, त्यामुळे सगळ्यांच्याच हाताला मोगऱ्याचा वास येई आणि मत ओळखता येत नसे. शेवटी 'ते दोघं' पुढे आले. फुलं कुंदनच्या हातात होती. फडक्यापाशी येऊन तो थांबला, शकुनबाईकडे बघितलं. ती गजरा ओवत होती. तिने मान वर केली नाही. कुंदनने हात आत घातला.

टोपली उपडी झाली. मोगरा तीस, गलांडा एकतीस.

शेडमध्ये गलका झाला. उत्तमरावांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, आपल्यातलं कोण फुटलं ते शोधत. कुंदनकडे त्यांनी पाहिलंच नाही. शकुनबाईने दोऱ्याला गाठ मारली, दात लावून दोरा तोडला आणि गजरा पाटीत ठेवला.

दिवाळीला बाजार हलला. उत्तमरावांनी अध्यक्षपद सोडलं. आता ते मुलाच्या गाळ्यात बसतात आणि थंड खोलीच्या वाऱ्याने गुडघे धरतात म्हणून कुरकुरतात. डोमाजीची अजून खात्री आहे की ते एकतिसावं फूल गोदाबाईचं होतं. त्या उपकारापोटी त्याने तिला फाटकाजवळचा ओटा मिळवून दिला आणि गोदाबाईने तो काही न बोलता घेतला. पुढच्या जानेवारीत अकोल्यात महापालिकेची निवडणूक लागली, तेव्हा दोन्हीकडचे उमेदवार त्या लहान घरी चहाला येऊन गेले. मनोजने दोघांनाही एकच विचारलं, दोन गड्यांना भाड्याने घर द्यायला लोक भितात, त्याचं तुम्ही काय करणार? दोघांनीही चहा चांगला झाला आहे असं सांगितलं. माघात कुंदन बाजाराच्या पंचांत निवडून आला.

शकुनबाईला नवा ओटा मानवला नाही. महिनाभर ती बसली, गजरे पाटीतच तांबूस पडत राहिले, मग तिने जाणं सोडलं. पौषात एक दिवस मनोज तिच्या घरी आला. मांडवातल्या नवरीमुलींसाठी वेण्या हव्या होत्या, दर मुहूर्ताला.

"तुले दया येऊन रायली काय माही?" तिने दारातच विचारलं.

"दया कायची? भाव सांगा."

तिने सांगितला. मनोजने डोक्याला हात लावला, नागपूरचा भाव ऐकवला, तिथली वेणी हिच्यापेक्षा भरदार असते असंही म्हणाला. शकुनबाईने त्याच्या आईबापापासून त्याच्या गाडीपर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. चहा थंड झाला. शेवटी तिला चार रुपये खाली यावं लागलं.

तो गेल्यावर ती बराच वेळ उंबऱ्यात बसून राहिली, चेहऱ्यावर हसू घेऊन. लुच्चा, तिने स्वतःशीच म्हटलं, एक रुपया सोडला नाही.