भिंतीकडे तोंड करून

"अगं, कोंबडा मेलाय, लग्न नाही ठरलंय त्याचं!" सासूबाई गोठ्याच्या दारातून ओरडल्या. "जरा रड की!"

बेगायिम मेलेल्या कोंबड्यासमोर बसून विलाप म्हणत होती. सूर लागलेला, शब्द चोख, डोळे मात्र कोरडे.

"आजी, हसू येतं हो."

"मग जा बिश्केकला हसायला."

घरात कुणी मेलं नसताना विलाप म्हणायचा नाही, मरण दार शोधत येतं, असं आमच्या आत-बाशी गावात मानतात. म्हणून माझ्या सासूबाई, बुरुल आजी, तिला गोठ्यात शिकवत. आधी माझ्या नवऱ्याच्या बंद पडलेल्या मोटारीवर विलाप झाला, मग या कोंबड्यावर. मोटारीचं गुणगान ऐकून शेजारचा अशिरबेक कुंपणावरून म्हणाला होता, "वहिनी, माझ्या बोकडाचाही नंबर लावा. जिवंत आहे अजून, पण भरवसा नाही."

शाळा संपल्यावर कॉलेज वर्षभर लांबवून ही पोरगी पाठीवर पिशवी टाकून देश फिरत होती. तलासला घोडीची धार काढायला शिकली, ओशला तंदुरात हात घालून रोट्या लावायला. आमच्याकडे आली तेव्हा शेणाला हात लावायच्या आधी नाक धरायची. आता सरपणाच्या शेणी माझ्याहून नीट रचते. बापाचा फोन आला की तो एकच म्हणे, "वर्ष वाया घालवलंस." शनिवारी तिला बिश्केकला घरी परत जायचं होतं.

विलाप कशाला हवा, ते तिनं एकदा गोठ्यात मला सांगितलं. ती आठ वर्षांची असताना आई गेली. बापानं हिला मावशीकडे खेळायला पाठवून दिलं. परत आली तर घरात आईचे कपडेसुद्धा नव्हते.

"वहिनी, तिच्यासाठी कुणी म्हटलंच नाही. मी म्हणणार आहे. पण तोंड उघडलं की नुसतं गाणं येतं."

मी ते सासूबाईंच्या कानावर घातलं. त्या दिवसभर पोरीवर नेहमीपेक्षा जास्त खेकसल्या, एवढंच.

शुक्रवारी दुपारी त्यांनी चहाचा पेला बाजूला सारला. "ऊठ. भिंतीकडे तोंड करून बस."

"घरात?" मीच दचकले.

"कुणी मेल्याशिवाय म्हणायचं नाही ना? हिचं मेलंय की माणूस."

बेगायिम कमरेवर हात ठेवून बसली, आमच्याकडे लेकी बसतात तशी. सुरुवात पाठ केलेलीच होती, पांढऱ्या उंटिणीसारखी माझी आई वगैरे. मग थांबली. आणि मग तिचे स्वतःचे शब्द आले. तू वेणी घट्ट घालायचीस, मी ओरडायचे. आता घाल गं, नाही ओरडणार.

पुढे सूर पार फाटला. सासूबाईंनी चूक काढली नाही. त्या तिच्या शेजारी सरकल्या, भिंतीकडे वळल्या आणि रडू लागल्या. सासरे गेल्यानंतर त्यांना रडताना मी पाहिलं नव्हतं. मी पेले आवरायचं सोंग करत होते, तेही जमेना. त्या पोरीच्या निमित्तानं आम्हालाही रडून घेता आलं. तिचे उपकारच म्हणायचे.

घरातून असा आवाज आला की हातातलं टाकून धावायचं, ही आमची रीत. अशिरबेक रस्त्यापासूनच हंबरडा फोडत आला, "अगं माझे बुरुल आजी गं!"

"मी आहे अजून," आजी म्हणाल्या. "आत ये."

तो दारातच थिजला. "मग गेलं कोण?"

"हिची आई."

"अरेरे! कधी?"

"झाली नऊ-दहा वर्षं."

आता हा थट्टा करणार, असं मला वाटलं. अशिरबेकनं टोपी सरळ केली, गुडघे मोडून बसला, दुव्यासाठी तळहात पसरले.

"नाव काय आईचं, पोरी?"

एवढे महिने ती आमच्या घरात राहिली, आम्ही कुणीच हे विचारलं नव्हतं.

"राखात," ती म्हणाली.

दुवा संपला, आम्ही तोंडावरून हात फिरवले. मागोमाग आलेली अशिरबेकची बायको सातीन, पोरीला छातीशी धरून तिच्याबरोबर पोटभर रडली. मग नाक पुसून बाह्या वर करत माझ्यावर डाफरली, "बघत काय बसलीस? तेल तापव! तळणाचा वास त्या बाईपर्यंत पोचायला नको?"

आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावानं पुऱ्या तळतात, वास त्याच्यापर्यंत पोचतो म्हणून. मी कढई चढवली. पीठ मात्र बेगायिमनं मळलं. ते लेकीचं काम.